प्रतिसाद: छतावर एक पॅनेल पुरेल का?

राहण्यासाठी बनवलेल्या गाडीच्या (कॅम्परव्हॅनच्या) छतावर २०० वॅटचं सोलर पॅनेल टाकलं की विजेची काळजी मिटते, असं इथे एकाने लिहिलंय. उन्हाळ्यापुरतं हे खरं आहे. पण बारा महिने गाडीतच राहायचं असेल तर आधी रोजच्या खर्चाचा हिशोब मांडा, पॅनेल नंतर घ्या.

सर्वात जास्त वीज खातो फ्रिज. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ४०० ते ६०० वॅट-तास (एक वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक वॅट-तास) घेतो आणि रात्रीही चालूच असतो. छतावर सपाट बसवलेलं २०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात ७००-८०० वॅट-तास देईल, पण ढगाळ दिवशी त्याच्या पावभागही मिळणं मुश्किल. असे सलग तीन दिवस आले की बॅटरी बसते. म्हणून गाडी चालताना अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) चार्जिंग होईल अशी सोय हवीच. मी तर पॅनेलपेक्षा तिलाच आधी पैसे घालीन.

बॅटरीचंही तसंच. १०० अँपिअर-तास क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, नाहीतर लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, सेल कायमचे खराब होतात. थंडीत राहणार असाल तर बॅटरी गाडीच्या आत ठेवा.

आणि कृपा करून, आत गॅस पेटवणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवशीच लावा. या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळतही नाही. शिवाय गॅस जळताना वाफ होते, ती थंड पत्र्यावर पाणी होऊन गाद्यांखाली बुरशी धरते. स्वयंपाक करताना खिडकी उघडी आणि छतावरचा पंखा चालू ठेवा.