मुसळधार पावसात क्लब रेस: रविवारी आयोजकांनी केलं ते बरोबर की चूक?

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

गेल्या शनिवार-रविवारी मावळातल्या ट्रॅकवर क्लबचा हौशी रेसिंग वीकेंड होता. शनिवार ठीक गेला. रविवारी सकाळपासून पाऊस असा कोसळला की पिटमधून, म्हणजे गाड्या तयार ठेवतात त्या जागेवरून, पहिलं वळण दिसेना. आयोजकांनी एकत्र सुटणाऱ्या सगळ्या शर्यती रद्द केल्या आणि एकेक गाडी सोडून वेळ मोजली. त्यावरून ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे. निर्णय योग्य होता आणि आता तो नियमात लिहून टाकायला हवा.

गाडी घसरते याची मला भीती नाही. ओल्या डांबरावर गाडी कशी सुटते आणि परत कशी पकडायची, हे शिकायलाच तर आपण जातो. भीती आहे ती न दिसण्याची. पुढच्या गाडीच्या टायरमधून उडणाऱ्या पाण्याचा असा पांढरा पडदा होतो की तिचा ब्रेक लाइटही दिसत नाही. १ जुलै २०२३ ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला रिजनलची, म्हणजे उमेदीच्या तरुण चालकांची, शर्यत अशाच पावसात चालू होती. सरळ पट्ट्यात गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि १८ वर्षांचा डिलानो फान्ट हॉफ गेला. तिथे जगातले उत्तम मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारे, मदतीला धावणारे) होते, पावसाचे खास टायर होते. दिसलंच नाही तर त्यांचा उपयोग काय?

आणि आपले टायर बघा. फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किमी वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. आपल्या स्विफ्ट-पोलोला रस्त्यावरचेच टायर, तेही ट्रॅकवर घासून कडेला गुळगुळीत झालेले. नासाने १९६०च्या दशकात विमानाच्या टायरवर प्रयोग करून जे सूत्र काढलं, त्यात ३२ पीएसआय हवा घातली तर टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग ताशी नव्वद-पंच्याण्णव किमी येतो. नक्षी झिजली असेल तर त्याच्याही आधी. ट्रॅक एकट्याचा असेल तर गाडी गवतात जाते, गोल फिरते, परत येते. मागे सात गाड्या असतील तर?

चिखलराजा

साफ असहमत. क्लबने शर्यतीची फी घेतली होती, वेळेच्या फेऱ्यांची नाही. कोल्हापूरहून पोरं गाडी ट्रेलरवर घालून आली होती, सुट्ट्या टाकून.

फी सोडा, खरा मुद्दा वेगळाच. पावसात पैसा मागे पडतो आणि हात पुढे येतो. कोरड्यात टर्बोवाला सरळ पट्ट्यात निघून जातो, बाराशे सीसीवाल्याने कितीही चांगलं वळण घेतलं तरी फायदा नाही. पावसात तोच टर्बोवाला थ्रॉटल देता देता चाचपडतो. कोरड्यातल्या लाइनवर रबर बसलेलं असतं, ते ओलं झालं की साबण होतं. मग बाहेरून जाणारा, खडबडीत डांबर शोधणारा जिंकतो. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाने पहिल्याच फेरीत सगळ्यांना मागे टाकलं, ते लोक आजही काढून बघतात, कारण त्या दिवशी पाऊस होता. ही संधी साध्या गाडीवाल्याला वर्षात एकदा-दोनदा मिळते, आणि तीच तुम्ही काढून घेतलीत.

गाड्या कमी करा. सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांना हळू चालवणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागे सुरुवात करा. फेऱ्या अर्ध्या करा. एवढे मार्ग असताना रद्द का?

पोस्ट_नंबर_चार

मी मार्शल आहे, त्यामुळे माझं मत दोघांनाही आवडणार नाही. रविवारी वेळेच्या फेऱ्यासुद्धा दुपारी बारानंतर बंद व्हायला हव्या होत्या.

गाडीत बसलेल्यांना आमच्या बाजूचं चित्र माहीत नसतं, म्हणून सांगतो. झेंडा ओला झाला की काठीला गुंडाळून चिकटतो. पिवळा, म्हणजे धोक्याचा, दाखवायचा तर आधी दोनदा जोरात झटकावा लागतो, आणि तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. पाच नंबरची पोस्ट, म्हणजे मार्शलांची पुढची चौकी, मला दिसत नव्हती. वॉकीटॉकी प्लास्टिकच्या पिशवीत, वरून पत्र्यावर पावसाचा आवाज. कंट्रोलने 'थांबवा' म्हटलं की 'पाठवा', हे दोनदा विचारावं लागलं. निसरड्या ट्रॅकचा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा सकाळपासून लावलेलाच होता, त्यामुळे तो कुणी बघेनासं झालं होतं.

आणि ट्रॅक्टर. चिखलात रुतलेली गाडी ओढायला तो येतो, साखळी लावायला दोन पोरं खाली उतरतात. ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानमधल्या सुझुकाला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पावसात नेमकं हेच झालं. एक गाडी बाहेर गेली, ती उचलायला क्रेनची गाडी आली, पुढच्या फेरीत त्याच वळणावर ज्यूल्स बियांकी घसरला आणि थेट तिच्यावर आदळला. नऊ महिन्यांनी तो गेला. दुहेरी पिवळे झेंडे हलत होते तिथे.

एकेक गाडी सोडली म्हणजे धोका संपला असं नाही, तिसरा_गिअर. तुमच्यापुरता कमी झाला, एवढंच.

कर्वेनगरची

पोस्ट_नंबर_चार, तुमचा मुद्दा खरा आहे, पण उपाय मला पटत नाही. ट्रॅक बंद केला की घाई असलेली मंडळी घरी बसत नाहीत. रविवारी सकाळी लवासाच्या रस्त्यावर उभं राहून बघा. तिथे झेंडाही नाही आणि अँब्युलन्सही नाही.

मी रविवारी पाच फेऱ्या मारल्या. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) खरोखर काम करतो तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं, आणि घाबरून पाय उचलायचा नसतो, हे मला त्या दिवशी पायाला कळलं. एक्स्प्रेसवेवर पावसात हे शिकायला गेलं तर किंमत दुसराच कुणीतरी देतो. पुण्यात जून ते सप्टेंबर गाडी ओल्यातच चालवायची आहे, मग शिकायचं कुठे? एकेक गाडी सोडणं हाच मधला मार्ग आहे.

चिखलराजा

मार्शल लोकांबद्दल पूर्ण आदर, दादा. तुमच्याशिवाय काहीच होत नाही. पण मग निर्णय ज्याच्या-त्याच्यावर सोडा. ज्याला जमणार नाही त्याने पिटमध्ये यावं. १९७६ ला जपानमधल्या फुजीला फॉर्म्युला वनचा निकी लाउडा पावसात दोन फेऱ्या मारून उतरला. जगज्जेतेपद एका गुणाने गेलं, तरी कुणी त्याला भित्रा म्हणत नाही.

वाकडकर

चिखलराजा, लाउडा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नुरबुर्गरिंगला भाजून मरणाच्या दारातून परत आला होता आणि त्याआधीच जगज्जेता होता. त्याच्याकडे उतरण्याची ताकद होती. क्लबमधला तेवीस वर्षांचा मुलगा, ज्याने फी उसनी आणलीय आणि मित्र कठड्याला उभे आहेत, तो उतरत नाही. मी डॉक्टर आहे, ट्रॅकवर ड्यूटी केली आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

तुमच्या चर्चेत रस्त्याचा विषयच नाही. अपघातानंतर पेशंटला अँब्युलन्समध्ये घालून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत न्यायचं असतं. मावळातल्या आतल्या रस्त्यांवर ओढ्याला पाणी आलं की तो वेळ किती होईल याचा भरवसा नाही. अँब्युलन्स एकच असेल तर ती गेली की ट्रॅक बंद, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण रस्ता बंद झाला की ट्रॅक बंद, हे कुठेच लिहिलेलं नाही. पाऊस किती पडतोय यावर वाद घालू नका, रस्ता चालू आहे का ते विचारा.

तिसरा_गिअर

डॉक्टरसाहेब, हे माझ्या डोक्यात नव्हतं आणि ते नियमात सगळ्यात वर जायला हवं. महिनाअखेरीच्या बैठकीत हा मसुदा मांडतो: रस्ता बंद असेल तर काहीच नाही. एका पोस्टवरून पुढची पोस्ट दिसत नसेल तर एकत्र शर्यत नाही, फक्त एकेक गाडी. टायरची नक्षी सकाळी मोजायची, १.६ मिमी ही रस्त्यावरची कायदेशीर मर्यादा आहे, आपण पावसासाठी ३ ठेवू. आणि निर्णय आयोजकांचा नाही, पोस्टवरच्या मार्शलांचा.

पोस्ट_नंबर_चार

ट्रॅक्टर आत आला की लाल झेंडा, म्हणजे सगळं थांबवायचं, गाडी एकच असली तरी. ही ओळ घाला, मी सही करतो.

चिखलराजा

मी नाही करणार. दिसण्याची अट मान्य, रस्त्याची तर डोळे झाकून मान्य. पण पाऊस ओसरल्यावर शर्यत परत सुरू करायची की नाही, याबद्दल मसुद्यात एक शब्द नाही. रविवारी साडेतीन वाजता सगळ्या पोस्ट दिसत होत्या आणि आपण गाड्या ट्रेलरवर चढवत होतो. तेवढं लिहा, मग बोलू.