पारी, कळ्या आणि आतलं कढत सूप : दिन ताय फंगचे अनुभव

लेकीच्या वाढदिवसाला पॅरागॉन मॉलमधल्या दिन ताय फंग ह्या डंपलिंगसाठी प्रसिद्ध रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. सिंगापूरला येऊन 11 वर्षं झाली, तरी काचेपलीकडच्या त्या किचनसमोर माझे पाय थांबतातच. पांढरे कपडे, टोप्या, तोंडाला मास्क. एकजण लाट्या तोडतोय, दुसरा पारी लाटतोय, बाकीचे सारण भरून कळ्या पाडतायत. एका शाओलोंगबाओला (आत सूप असलेला, मोदकासारखा वाफवलेला डंपलिंग) 18 कळ्या. पारी 5 ग्रॅमची, सारण 16 ग्रॅम. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा काचेला नाक लावून म्हणाल्या, "माझ्या मोदकाला 21 असतात. पण ह्यांचा हात बघ किती चालतो!"

तुमचे अनुभव सांगा. फजितीचे आधी.

~

फजिती म्हणताय तर मीच सुरुवात करतो. आर्केडिया, कॅलिफोर्निया. अमेरिकेतली त्यांची पहिली शाखा इथेच, 2000 साली निघालेली. मी नुकताच आलेला, सवय पाणीपुरीची. अख्खा तोंडात टाकला. आत उकळतं सूप! गिळवेना, थुंकवेना, डोळ्यांतून पाणी. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी न हसता खाऊन दाखवलं: शेंड्याला हलकेच धरून चमच्यात घ्यायचा, बाजूला छोटं भोक पाडायचं, सूप प्यायचं, मग आल्याचे काप आणि काळं व्हिनेगर घेऊन उरलेला खायचा. पुढे कळलं की सूप आत ओततच नाहीत. डुकराच्या कातडीचा रस्सा गार करून त्याची जेली करतात, ती खिम्यात मिसळतात. वाफेवर ती वितळते.

~

हेच वाचून शाकाहारी मंडळी पळतील, म्हणून लिहिते. आम्ही अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला राहतो, आईबाबा दर उन्हाळ्यात येतात. भाज्या आणि मश्रूमचे डंपलिंग मिळतात, पण त्यात सूप नसतं, आधीच सांगून ठेवते. काकडी, लसणातल्या शेंगा, तिळाच्या सॉसमधल्या नूडल्स ह्यांवर आमचं पोट भरतं. तरी दर वेळी विचारूनच मागवा. एकदा दुसऱ्याच एका हॉटेलात 'व्हेज' म्हणून आलेल्यात कोळंबी निघाली आणि बाबा दोन दिवस फक्त दहीभात खात होते. इथे मात्र ते खूश असतात. मिरचीचं तेल चाखून म्हणाले, "ठेच्याची चुलत बहीण."

~

'चायनीज' म्हणताना जरा जपून, कंपनी तैवानची आहे. शाओलोंगबाओ मात्र मूळचे शांघायजवळच्या नानशियांगचे मानतात. 1958 मध्ये यांग बिंग-यी ह्यांनी तैपेईत खाद्यतेलाचं दुकान काढलं. पुढे डबाबंद तेल आलं, धंदा बसला, तेव्हा 1972 च्या सुमारास अर्ध्या दुकानात वाफवलेले बाओ विकायला लागले. तेल गेलं, बाओ राहिले. मी तैपेई 101 ह्या गगनचुंबी इमारतीच्या तळघरातल्या शाखेत नंबर घेतला आणि वाट बघण्यापेक्षा वर जाऊन शहर बघून आलो. लिफ्ट 5 व्या मजल्यावरून 89 व्या मजल्यावर 37 सेकंदांत जाते. खाली आलो तरी माझा नंबर लागायचाच होता.

~

मला तो गोडसर खिमा झेपत नाही. मी अंड्याच्या फ्राइड राइससाठी जातो. घरचे लाजतात.

~

आम्ही पुण्यात, त्यामुळे घरीच प्रयोग. कोंबडीचे पाय तीन तास उकळून रस्सा आटवला, फ्रीजमध्ये मस्त थिजला. मोदक येतात म्हणजे हेही येतील, ह्या भ्रमात होते. पण मोदकाची उकड तांदळाची, आधी वाटी करून घ्यायची, मग कळ्या. इथे मैद्याची पारी मधे जाड, कडेला पातळ लाटायची आणि सारण आत ठेवून गोल फिरवत चुण्या घालायच्या. डाव्या हाताचा अंगठा सारण दाबून धरतो, तेच मला जमेना. 20 केले, 9 गळले. मोदकपात्राच्या तळाशी जो रस्सा साठला तो नवऱ्याने भाताबरोबर ओरपला आणि "पुढच्या वेळी सगळेच गळू देत," म्हणाला.

~

खाली कोबीचं पान घातलं होतं का? चिकटूनच फाटतात बरेचदा. सासूबाई विचारतायत, हळदीचं पान चालेल का.