मदत हवी आहे: पुण्यात पेठेत भाड्याने राहायचं आहे, गल्ली कशी निवडावी?

मुक्काम_पोस्ट

जूनपासून ११ महिन्यांसाठी पुण्यात पेठांमध्ये घर हवं आहे. आम्ही दोघं (साठीच्या पुढचे) आणि आई (८१, काठी घेऊन चालते, जिना हळूहळू चढते). गाडी आणणार नाही. नाटक, गाणं, वाचनालय आणि मंडई पायी गाठता यावी एवढ्यासाठीच पेठ. बजेट २८ हजारांपर्यंत. सदाशिव, नारायण, शनिवार, शुक्रवार, कसबा यांपैकी कुठे बघावं? जुन्या वाड्यातली जागा घ्यावी का? गणपतीच्या दिवसांत आईचं कसं होईल? करारात काय बघावं? ठोस माहिती हवी आहे, ‘पेठेत राहणं म्हणजे काय वर्णावं’ हे नको. :)

सम_विषम

पेठ निवडू नका, गल्ली निवडा. एकाच सदाशिव पेठेत दोनशे मीटरवर आवाज, पाणी आणि रहदारी पार बदलते.

तुमच्या गरजा बघता पहिली पसंती पेरुगेट ते भरत नाट्य मंदिर या पट्ट्यातल्या आतल्या गल्ल्यांना. भरत आणि भारत इतिहास संशोधक मंडळ हाकेच्या अंतरावर, टिळक स्मारक आणि हिराबागेचं ज्योत्स्ना भोळे सभागृह दक्षिणेला, केळकर संग्रहालय पूर्वेला. मंडई रमतगमत पंधरा मिनिटं. प्रायोगिक नाटकांचं सुदर्शन रंगमंच शनिवारात अहिल्यादेवी शाळेजवळ आहे, तेही चालत जमतं. बालगंधर्वला नदी ओलांडावी लागते, रात्री साडेबाराला प्रयोग सुटला की आईंना घेऊन रिक्षा शोधायची तयारी ठेवा. सवाई गंधर्व मात्र आता रमणबागेत होत नाही, मुकुंदनगरला होतो. ‘सवाई चालत’ असं एजंट म्हणाला तर त्याची माहिती जुनी आहे.

घर तीन वेळा बघा. सकाळी सात (पाणी, कचरा, शाळेच्या रिक्षा), संध्याकाळी सात (रहदारी, दुकानांचे टेम्पो) आणि रात्री साडेदहानंतर. रात्रीची फेरी कोणी मारत नाही, आणि नंतर खाली अभ्यासिका आणि चहाची टपरी आहे हे कळतं. सदाशिव, नारायण आणि शनिवारात स्पर्धा परीक्षांची मुलं प्रचंड संख्येने राहतात. मुलांचा त्रास नसतो, पण कॉट बेसिसवर (दर खाटेमागे भाडं घेऊन) दिलेल्या इमारतीत एका फ्लॅटमध्ये आठ-दहा जण असतात. पाणी, लिफ्ट आणि ड्रेनेज चार माणसांच्या हिशोबाने बांधलेलं असतं. वॉचमनला विचारा, ‘कॉटवाले किती फ्लॅट?’ निम्म्याहून जास्त असतील तर सोडून द्या.

दिंडी_दरवाजा

वाड्याबद्दल. ८१ वर्षांच्या माणसासाठी माझं मत सरळ नको असं आहे. तरी बघायचाच असेल तर रंगरंगोटी बघू नका, या गोष्टी बघा.

लाकडी खांबाचं तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) टेकलेलं टोक. तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. पाव इंचापेक्षा जास्त आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. मग तुळया भिंतीत शिरतात ती टोकं. कडीपाट (तुळया-फळ्यांचं लाकडी छत) मधून खणखणीत दिसतो आणि सडतो नेमका भिंतीत, कारण ओल मातीच्या भिंतीतून येते आणि टोकाला वारा लागत नाही. तिथे तपकिरी डाग किंवा भुसा दिसला की समजा. वरच्या मजल्याची जमीन एका बाजूला उतरती वाटली तर एक गोटी ठेवून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी काय चाललंय. वाड्यांच्या भिंती बऱ्याचदा सामाईक असतात. शेजारचा वाडा पाडला की इतकी वर्षं आत असलेली मातीची भिंत उघडी पडते, गिलावा नसतो, पहिल्या दोन पावसांत माती धुऊन जाते. ‘पावसाने वाडा पडला’ अशी बातमी येते तेव्हा बऱ्याच वेळा मूळ कारण हे असतं. शेजारी मोकळा प्लॉट आणि तुमच्या बाजूच्या भिंतीवर नुसता निळा प्लास्टिकचा कागद असेल तर तिथून निघा.

महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक बांधकामांची पाहणी करून नोटिसा देते. ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामं करण्याजोगं. क्षेत्रीय कार्यालयात घर क्रमांक सांगून चौकशी करता येते. मालकाला विचारून उपयोग नाही, तो ‘अहो, ती सगळ्यांनाच येते’ म्हणतो.

मुक्काम_पोस्ट

वाडा यादीतून काढला. मग १९८५-९५ च्या सुमाराच्या चार-पाच मजली इमारती उरतात. त्यांत काय बघायचं?

दिंडी_दरवाजा

टेप घेऊन जा. पायरीची उंची ६ ते ७ इंच असेल तर आईंना जमेल. वाड्याच्या जागी कोंबून बसवलेल्या इमारतींत ती ८-९ इंच निघते, आणि रस्ता ते लिफ्ट यांच्यामध्ये चार-पाच पायऱ्या असतातच. लिफ्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्या पहिल्या पायऱ्यांना कठडा आहे का ते बघा. लिफ्टचं दार किती रुंद? ३२ इंच असेल तर घडीची व्हीलचेअर जाते. वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? नसेल तर पहिला मजला घ्या. तळमजला नको, ओल आणि झुरळं.

अर्धा_चहा

पाणी आणि वीज, थोडक्यात हिशोब.

माणशी रोज १३५ लिटर धरतात. तुमचं साधारण ४०० लिटर. इमारतीत दहा फ्लॅट असतील तर दिवसाला चार ते पाच हजार. गच्चीवरच्या आणि खालच्या टाक्या मिळून दहा हजारांच्या असतील तर दोन दिवस निघतात, आणि ते लागतात. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवतात आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ हे वाक्य पुणेकरांना पाठ आहे. खरा त्रास शुक्रवारीच होतो. वरच्या मजल्यावर शॉवरला दाब नसतो, कारण टाकी नळाच्या फक्त सात-आठ फूट वर असते. गीझर चालू करून बघा, नुसता नळ सोडून बघू नका.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. २ किलोवॉटचा गीझर आणि दीड टनी एसी एकदम चालवायचा असेल तर १ किलोवॉट मंजूर भार असलेलं मीटर पुरणार नाही. भार वाढवायला मालकाची सही लागते, ती कराराआधी मागा, नंतर मालक फोन उचलत नाही. अर्थिंग बघायला १०० रुपयांचा सॉकेट टेस्टर मिळतो. जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

पाइपचा गॅस प्रत्येक गल्लीत नाही. नसेल तर सिलेंडर वर कोण आणून देतो ते विचारा.

सम_विषम

आता गणपती, कारण खरा प्रश्न तो आहे.

तीन टप्पे असतात. पहिला म्हणजे ढोल-ताशाचा सराव. उत्सवाआधी महिना-दीड महिना रोज संध्याकाळी, आणि मोठी पथकं नदीपात्रात. नारायण आणि शनिवारच्या नदीकडच्या घरांत तो थेट आत येतो. दुसरा टप्पा दहा दिवसांचा. गल्लीतल्या मंडळाचा मांडव नेमका कुठे पडतो हे समोरच्या दुकानदाराला विचारा, तो फुटात सांगेल. मांडवाच्या पाठीमागचं घर एक वेळ चालतं, स्पीकरच्या तोंडासमोरचं नाही. एरवी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, पण वर्षातले ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं आणि त्यातले बरेचसे याच काळात खर्ची पडतात.

तिसरा विसर्जनाचा. मानाचे पाच (कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा) लक्ष्मी रस्त्याने जातात. बाकीची मंडळं लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक अशा चारही रस्त्यांनी, आणि सगळे रस्ते अलका चौकात मिळतात. मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. म्हणजे कुमठेकर आणि टिळक रस्त्यांच्या मधलं घर (मी वर सुचवलेला पट्टाच!) दोन मिरवणुकांच्या बेचक्यात सापडतं. रुग्णवाहिका आत यायला वेळ लागतो हे गृहीत धरा. वाहतूक शाखा आधी बंद रस्त्यांचा नकाशा जाहीर करते, तो बघून एक बाहेरची वाट पायी चालून ठेवा. आईंना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर त्या दोन दिवसांपुरतं नातेवाइकांकडे कोथरूड-कर्वेनगरला नेणं हाच उपाय, आणि अनेक पेठकर गुपचूप तेच करतात.

नवी_पेठ_जुना_माणूस

हा सगळा ताप टाळायचा असेल तर नवी पेठ बघा, गांजवे चौकाच्या आसपास. यादीत तिचं नाव नाही कारण तिला पेठेचा रुबाब नाही. एस. एम. जोशी सभागृह आणि पत्रकार भवन तिथेच, टिळक स्मारक चालत. मंडई लांब पडते, हे कबूल.

सम_विषम

मंडई लांब म्हणजे यांचा निम्मा हेतू गेला. भाजी ताजी मंडईतच घ्यायची असेल तर शुक्रवार पेठेचा पश्चिम भाग बघा, शिवाय मंडईचं मेट्रो स्टेशन हाताशी. सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठ ही दोन्ही भुयारी स्टेशनं सुरू आहेत. पेठेत बिनगाडीचं राहणं त्यामुळे खरंच सोपं झालं. स्वारगेट एक स्टेशन, पिंपरीला थेट. लिफ्ट आहेत, आईंना अडचण नाही. अडचण आहे ती स्टेशन ते घर या टप्प्यात. लक्ष्मी रस्त्याच्या फुटपाथवर माल लावलेला आणि बाजूच्या गल्ल्यांत फुटपाथच नाही. काठी घेऊन चालणाऱ्याला सकाळी अकराच्या आत जायला हवं. ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा वाहनांना बंद ठेवतात. त्या दिवशी चालून बघा म्हणजे उरलेले ३६४ दिवस काय हुकतं ते कळतं.

अर्धा_चहा

नारायण-शनिवारच्या नदीकाठाबद्दल एक राहिलं. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सोडला की भिडे पूल आणि पात्रातला रस्ता बंद होतो. घरात पाणी येईलच असं नाही, पण डेक्कनला जायची जवळची वाट जाते. खालच्या पातळीवरच्या घरात भिंतीवर ओलीची आडवी रेघ आहे का, ते कपाट सरकवून बघा.

आणि बरीच जुनी दुकानं अजून दुपारी १ ते ४ बंद. विनोद नाही, औषधं सकाळीच आणा.

करारनामा

कराराबद्दल, कारण इथे लोक हमखास गोंधळ करतात.

‘नोटरी करून टाकू’ म्हणाले तर नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ११ महिने म्हणून सूट मिळते हा गैरसमज आहे.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. उदाहरणार्थ २५ हजार भाडं, ११ महिने म्हणजे २ लाख ७५ हजार. अनामत १ लाख, तिचं व्याज साधारण ९,१६७. बेरीज २,८४,१६७, त्याचे ०.२५ टक्के ७१० रुपये, शंभराच्या पटीत वर नेऊन ८००. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. सरकारी खर्च दोन हजारांच्या आतबाहेर. एजंट सहा-सात हजार सांगत असेल तर उरलेली त्याची मजुरी, त्यावर घासाघीस करा.

कलमांत तीन गोष्टी घाला: अनामत ताबा दिल्याच्याच दिवशी परत, नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना, आणि गणपती-दिवाळीची वर्गणी व सोसायटीचा देखभाल खर्च कोणाकडे. शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण पावतीपुस्तक घेऊन मुलं दारात आल्यावर मालकाला फोन लावणं बरं दिसत नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरून घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

मुक्काम_पोस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. ११ महिन्यांनंतर आवडलं तर विकत घ्यायचा विचार आहे. तेव्हा कसब्यात, शनिवारवाड्याच्या बाजूला स्वस्त मिळतं असं ऐकलं. खरं का?

दिंडी_दरवाजा

स्वस्त असण्यामागे कारण आहे. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, फक्त दुरुस्ती आणि तीही परवानगीने. पुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथे बांधकामालाही पुरातत्त्वाची परवानगी. म्हणजे १०० मीटरच्या आत जीर्ण वाडा घेतला तर तो पाडून बिल्डरला देता येत नाही. बँका कर्जाला कां-कूं करतात. ‘लवकरच रीडेव्हलपमेंट’ असं कोणी म्हणालं तर हद्दीपासूनचं अंतर दाखवणारा मोजणी नकाशा मागा.

सम_विषम

घर बघायला जाताना पत्ता सर्व्हे नंबरने शोधू नका. १४२४ च्या शेजारी १४२५ असेलच असं नाही. जवळचा देव विचारा: चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर, भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा. नावं ऐकून आई दचकल्या तर सांगा, देव सगळे सज्जन आहेत. कुरिअरच्या पत्त्यातही तेच लिहा, नाहीतर पार्सल मधल्या कुठल्यातरी किराणा दुकानात राहतं आणि दुकान १ ते ४ बंद.