रात्री फ्लशची टाकी आपोआप वाहते, आणि दुसऱ्या कमोडात पाणीच कमी राहतं, काय करावं?

वारजेकर_७७
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या सोसायटीने प्रत्येक फ्लॅटला पाण्याचे मीटर बसवले तेव्हापासून घरात सगळे नळाकडे डोळे लावून बसलेत. माणसं चार, वॉशिंग मशीन दिवसाआड, तरी आमचं रीडिंग शेजारच्यांपेक्षा कितीतरी जास्त. शोधता शोधता लक्षात आलं की मोठ्या बाथरूमच्या कमोडात रात्री मागच्या बाजूने पाण्याचा बारीक ओघळ चालू असतो, दिवसा बघायला जावं तर काही नाही. प्लंबरने झाकण उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला आख्खा सेट बदला. टाकी ३ आणि ६ लिटरवाली दोन बटणांची आहे. आत पाणी नेमकं कुठपर्यंत असायला हवं आणि ते कमीजास्त कसं करतात?
दुसरं म्हणजे पाहुण्यांच्या बाथरूममधल्या कमोडात, म्हणजे टाकीत नाही, खालच्या भांड्यात, पाणी खूप खाली राहतं आणि वास येतो. दोन्हीचा काही संबंध आहे का?

नाना_फिटिंगवाले
दादा सेट बदलायची घाई करू नका, आधी पाणी जातंय कुठून ते बघा. टाकीचं झाकण काढा, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा आणि खालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा छोटा नळ, बंद करून अर्धा तास कोणाला फ्लश करू देऊ नका. पाणी खुणेखाली गेलं तर खालचा फ्लश व्हॉल्व गळतोय, तिथला रबरी वॉशर कडक झाला असेल नाहीतर बैठकीवर क्षार बसला असेल. आता हे नीट वाचा, पाणी उतरत उतरत एका जागी थांबलं तर गळती त्या उंचीवर आहे, तिथे बोट फिरवून बघा, ओव्हरफ्लोच्या नळीला, म्हणजे जादा पाणी कमोडात सोडणाऱ्या उभ्या नळीला, चीर असते बऱ्याचदा. आणि पाणी अजिबात हललंच नाही तर खालचं सगळं ठणठणीत, दोष भरणाऱ्या व्हॉल्वचा, ज्याला आपण बॉलकॉक म्हणतो. तो पूर्ण बंद होत नाही, पाणी चढत चढत ओव्हरफ्लोच्या तोंडातून कमोडात जातं.
फक्त रात्री होतं म्हणता त्यावरून मला हा तिसरा, बॉलकॉकचाच प्रकार वाटतो. दिवसा आख्खी बिल्डिंग पाणी वापरते तेव्हा प्रेशर कमी असतं, रात्री सगळे नळ बंद झाले की प्रेशर वाढतं आणि कमजोर वॉशर तेवढ्यापुरता हार मानतो. प्रेशर पंप असेल तर विचारूच नका.
लेव्हलचं म्हणाल तर ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या इंचभर खाली. टाकीत आतल्या बाजूला रेष छापलेली असते बहुतेक, ती पाळा. कमी करायचं तर फ्लोटच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीच्या, बाजूचा स्क्रू किंवा क्लिप फिरवा, फ्लोट खाली आला की पाणी लवकर बंद होतं. जुना पितळी दांडीवाला बॉल असेल तर दांडी हळूच खाली वाकवायची.

सिडकोवाली_ताई
आमच्याकडे नाशिकला पाणी दिवसाआड यायचं तेव्हा मी टाकीत एक लिटरची बाटली वाळू आणि पाणी भरून ठेवली होती, दर फ्लशला लिटरभर वाचतं, फुकटचा उपाय. तुम्हीही करून बघा. वीट मात्र नका टाकू, वीट विरघळते आणि तिची माती वॉशरखाली जाते.

हिशेबी_माणूस
ताई, बाटली जुन्या १० लिटरच्या मोठ्या टाकीला ठीक. तिथे फायदा असा की पाण्याची उंची तीच राहते म्हणून जोर टिकतो, फ्लोट खाली घेतला तर उंचीच कमी होते आणि जोर जातो. पण यांची टाकी मुळातच ६ लिटरची आहे, त्यातून लिटर काढला की घाण जात नाही, मग माणूस दुसऱ्यांदा बटण दाबतो आणि १० लिटर जातात. शिवाय आत जागा इतकी अडचणीची की बाटली फ्लोटला अडकायची. त्यापेक्षा मधल्या व्हॉल्ववर छोट्या बटणाची सरकपट्टी असते कित्येक मॉडेलला, ती हलवून अर्धा फ्लश कमीजास्त करता येतो, ते बघा.
@वारजेकर, नानांनी सांगितलेली खूण आहे तिथेच स्केलही धरा, आकडा मिळेल. टाकीची आतली लांबी रुंदी मोजा, समजा ३४ आणि १३ सेंटिमीटर, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर उतरलं की साधारण ४४० मिली गेलं. अर्ध्या तासात १ सेंटिमीटर म्हणजे दिवसाला २१ लिटर, आणि शहरात माणशी १३५ लिटर धरतात त्या हिशेबाने एका माणसाचा सहावा हिस्सा नुसता गटारात. बॉलकॉकचा दोष असेल तर ही मोजणी चालत नाही, तिथे झोपताना मीटरचा फोटो काढा आणि सकाळी कोणी उठायच्या आत दुसरा. मीटरवर बारीक चांदणीसारखं चाक असतं, सगळे नळ बंद असताना ते फिरत असेल तर कुठेतरी गळतंय हे नक्की.

लातूरचा_पाव्हणा
तुम्ही सेंटिमीटर मोजताय, आम्ही २०१६ ला, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात, टाकीचा कॉकच बंद करून टाकला होता 😀 कपडे धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि कमोडात एकदम ओतायचं. हळूहळू ओतलं तर नुसती लेव्हल वाढून परत तिथेच येते, अर्धी बादली कंबरेच्या उंचीवरून एका दमात ओतली की झटक्यात साफ. आमच्याकडे अजूनही मार्च लागला की असंच.
साबणाचं पाणी टाकीत मात्र भरू नका कोणी, कपड्याचे तंतू आणि फेस बसून आतले रबर खराब होतात.

वारजेकर_७७
सगळ्यांचे आभार. काल कॉक बंद करून ठेवला, पाणी खुणेवरून केसभरही हललं नाही. म्हणजे नाना म्हणाले तसं बॉलकॉकच. उघडला तर आतल्या जाळीत वाळू आणि पांढरा चुरा गच्च, आमच्याकडे उन्हाळ्यात बोअर आणि टँकर मिक्स असतं त्याचा प्रताप. आतली छोटी रबरी चकती मधोमध दबून खड्डा पडलाय. ही सुटी मिळते का?

नाना_फिटिंगवाले
मिळते की, चकती बरोबर घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, हाताने दाखवून मापाची मागा. नाही जुळली तर फक्त भरायचा व्हॉल्व नवा घ्या, आख्खा सेट नको. उलटी करून बसवतात काही जण, चालते थोडे दिवस, पण तुम्ही नवी टाका. बाकीचा क्षार लिंबाच्या फुलाच्या पाण्यात तासभर भिजवला की सुटतो, ॲसिड ओतू नका टाकीत, रबर जातं. टाकी भरताना अँगल कॉक थोडा कमी उघडा ठेवलात तर रात्रीचा आवाजही कमी होईल, पण गळती त्याने थांबत नाही, हे लक्षात घ्या.
आता पाहुण्यांचं कमोड. त्याचा टाकीशी संबंध असेलच असं नाही. भांड्यात बादलीभर पाणी ओता, स्थिर झालं की काठाला खूण करा. दोन तासात बरंच खाली गेलं तर ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीत, पोछ्याचा दोरा किंवा चिंधी अडकली असणार, तिचं एक टोक पाण्यात आणि एक पलीकडे लोंबतं, दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून नेते. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केलं की गुडगुड आवाज होऊन पाणी एकदम खाली जात असेल तर व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेजला हवा देणारा गच्चीपर्यंतचा पाइप, तुंबलाय, गच्चीवर जाऊन त्याचं तोंड बघायला सांगा, आमच्याकडे एकदा त्यात कबुतराचं घरटं निघालं. आणि यातलं काहीच नाही, पाणी आठवडाभरात कमी होतं, तर बाथरूम वापरात नाही म्हणून वाफ होऊन उडतंय, फ्लश करत जा अधूनमधून.

सिडकोवाली_ताई
वास कमोडाचाच आहे ना ते पण बघा, आमचा न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालचा, निघाला होता, तो वापर नसला की आधी कोरडा पडतो. गावाला जाताना मी दोन्हीत पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडते, मग वाफ होत नाही.

वारजेकर_७७
गुडगुड होते! वरचे लोक सकाळी आंघोळीला गेले की हमखास. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते, रविवारी मागतो. पाइप कोणता ते वरून ओळखायचं कसं, चार पाच उभे आहेत?

नाना_फिटिंगवाले
खाली बाथरूममध्ये एकाला उभं करा, वरून एकेका पाइपात मगभर पाणी सोडा, ज्याचा आवाज तुमच्या डक्टमधून, म्हणजे पाइप उतरतात त्या मोकळ्या जागेतून, येईल तो तुमचा. बंद असलेल्यात पाणी तुंबून तोंडाशीच राहील, ते लगेच दिसेल. पावसाळ्याचे पाइप वेगळे असतात, ते गच्चीच्या फरशीला टेकलेले, त्यांच्या नादी लागू नका.