वाइल्डकार्ड जुळवणी: तक्ता मांडावा की दोन पॉइंटर पुरेत?

धागालेखक: नमुन्यातील ‘?’ म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि ‘*’ म्हणजे शून्य किंवा कितीही अक्षरे. या नियमाने संपूर्ण स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) नमुन्याशी जुळते का, हा प्रश्न डायनॅमिक प्रोग्रॅमिंगनेच (उपप्रश्नांची उत्तरे तक्त्यात साठवून) सोडवावा, असे माझे मत आहे. साधे रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे) प्रत्येक ताऱ्यापाशी अनेक वाटा धरते आणि तेच उपप्रश्न पुन्हा पुन्हा सोडवते. तक्त्यात प्रत्येक चौकट एकदाच भरते; स्ट्रिंगचा तिथवरचा भाग नमुन्याच्या तिथवरच्या भागाशी जुळतो का, हे ती खरे किंवा खोटे असे सांगते. ओळींत स्ट्रिंग व स्तंभांत नमुना मांडला, की ताऱ्याच्या स्तंभातली चौकट डावी चौकट खरी असल्यास (तारा रिकामा राहिला) किंवा वरची खरी असल्यास (ताऱ्याने आणखी एक अक्षर घेतले) खरी ठरते.

प्रतिसाद १: असहमत. दोन्ही बाजूंना २००० अक्षरे असतील, तर ४० लाख चौकटी कशासाठी भरायच्या? स्ट्रिंगमध्ये एक आणि नमुन्यात एक, असे दोन पॉइंटर (चालू स्थान दाखवणाऱ्या खुणा) पुरतात. ‘अ*क?’ हा नमुना आणि ‘अबकडकच’ ही स्ट्रिंग घ्या. ताऱ्याला आधी ‘ब’ दिला, तर ‘कड’ जुळून नमुना संपतो, पण ‘कच’ उरते. म्हणून ताऱ्यापाशी परत येऊन त्याला ‘बकड’पर्यंत वाढवले, की काम झाले. परतायचे ते फक्त शेवटच्या ताऱ्यापाशी, कारण आधीच्या ताऱ्यांनी कमीत कमी मजकूर घेतलेला असतो आणि त्यांना वाढवून पुढच्या ताऱ्याच्या हाती नवे काहीच लागत नाही.

धागालेखक: युक्तिवाद अचूक आहे, पण सर्वांत वाईट स्थितीत आपल्या पद्धतीचा वेळही लांबींच्या गुणाकाराइतकाच वाढतो, आणि जागेचे म्हणाल, तर तक्त्याच्या दोनच ओळी जपल्या तरी भागते. शिवाय रेग्युलर एक्स्प्रेशन या नमुने लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीत, जिथे तारा आधीच्या अक्षराची पुनरावृत्ती सांगतो, ही युक्ती कोलमडते: ‘अ*ब*अ’ हा नमुना ‘अअ’शी जुळवताना शेवटचा तारा ‘ब’चा असल्याने काहीच वाढवू शकत नाही, पहिल्या ताऱ्याकडेच जावे लागते.

प्रतिसाद १: तिथे मी आपल्याशी सहमत आहे. बेलगाम बॅकट्रॅकिंगची (मागे परतून दुसरी वाट धरण्याची) किंमत २ जुलै २०१९ रोजी दिसली, जेव्हा क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने सर्व्हरचे प्रोसेसर व्यापले आणि असंख्य संकेतस्थळे बंद पडली. मात्र वाइल्डकार्डपुरते माझे मत कायम आहे.

प्रतिसाद २: संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी मांडलेली पद्धत इथे विसरली जात आहे. मजकुराचे एकेक अक्षर वाचताना नमुन्यातल्या सर्व शक्य स्थानांचा संच सोबत नेणे, हे तिचे सूत्र. धागालेखकांच्या तक्त्यातील एका ओळीतल्या खऱ्या चौकटी म्हणजे नेमका तोच संच. त्यामुळे विद्यार्थ्याने आधी तक्ता शिकावा, असे मला वाटते. पॉइंटरची युक्ती का चालते, याची सिद्धताही त्याला तक्त्यावरूनच देता येईल.