मदत हवी आहे: थिंकपॅड एक्स२३० वर कोअरबूट, काळा सीएच३४१ए चालेल का?

लेनोवो एक्स२३०, आय५. वेगळं वायफाय कार्ड टाकलं की १८०२ एरर (अनधिकृत कार्ड) देऊन मशीन तिथेच थांबतं, म्हणून लेनोवोच्या बायोसऐवजी कोअरबूट (मुक्त स्रोत फर्मवेअर) हवं आहे. हाताशी काळा सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) आणि आठ पायांची क्लिप आहे. बोर्डावर बायोसच्या दोन फ्लॅश चिप आहेत. लिहायचं कोणत्या चिपवर?

खटपट्या:
आधी प्रोग्रामरचं बघा. काळ्या बोर्डात फ्लॅशला पुरवठा ३.३ व्होल्टचा मिळतो, पण सीएच३४१ए स्वतः ५ वर चालते, म्हणून डेटाच्या तारांवर ५ येतात. त्याच तारा पुढे चिपसेटला जातात. फ्लॅश बदलता येईल, मदरबोर्डचं काय? क्लिप कशालाही न लावता सीएस (चिप निवडायच्या) पिनवर मल्टिमीटर धरा. ५ च्या आसपास दिसलं तर तो वापरूच नका. सीरप्रॉग (पिकोला प्रोग्रामर बनवणारं फर्मवेअर) टाकलेला रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घ्या, त्याच्या पिनांवर ३.३ च असतात.

स्क्रीनकडची चिप ४ एमबी, हात टेकवायच्या बाजूची ८ एमबी. मोठीत डिस्क्रिप्टर (फ्लॅशच्या भागांचा नकाशा), लॅनचा मॅक पत्ता आणि इंटेल एमई (चिपसेटमधल्या वेगळ्या प्रोसेसरचं फर्मवेअर) आहे. तुमच्या कामापुरती फक्त ४ एमबीची पुरते: बिल्ड करताना सीबीएफएस (कोअरबूटच्या फाइल्सचा भाग) ४ एमबीच ठेवा आणि १२ एमबीच्या रॉममधले शेवटचे ४ एमबी कापून तेवढेच लिहा. बॅकअप मात्र दोन्हींचा. प्रत्येक चिप दोनदा वाचा, दोन्ही वाचनांचा शा२५६ (फाइलचा ठसा) तंतोतंत जुळेपर्यंत काहीही लिहू नका.

ईसीचं (कीबोर्ड, बॅटरी सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं) फर्मवेअर कोअरबूट बदलत नाही. ते अपडेट करायचं तर आत्ताच, लेनोवोच्या बायोसमधून.

धागाकर्ता:
पिको आणला. फ्लॅशरॉमला (चिप वाचायच्या-लिहायच्या प्रोग्रामला) चिपच सापडत नाही. चार्जर लावून बघू?

झिरोओहम:
अजिबात नको! दोन बाजूंनी वीज गेली की काहीतरी जळणार. चार्जर, बॅटरी, सीमॉस सेल (घड्याळाची छोटी बॅटरी), तिन्ही काढलेलीच हवीत. बहुतेक वेळा क्लिप तिरकी बसलेली असते; चिपवरचा ठिपका म्हणजे पिन १, लाल तार त्या बाजूला. तारा १०-१५ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, एसपीआयचा (चिपशी बोलायच्या जोडणीचा) वेगही उतरवा. चिप सापडली पण दोन वाचनं जुळत नसतील तरी हेच उपाय. वाचलेल्या फाइलमध्ये सगळं एफएफ आलं तर क्लिप टेकलेलीच नाही.

आणि एमई नको म्हणून मोठी चिप कोरी करू नका. एमई पूर्ण पुसलं तर हे मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. एमई-क्लीनर हा प्रोग्राम आवश्यक तेवढा भाग ठेवतो.

लिहून झाल्यावर पहिल्या बूटला रॅमचं ट्रेनिंग (रॅमच्या वेळा जुळवणं) होतं. स्क्रीन थोडा वेळ काळी राहील, पॉवर बटण दाबू नका.