वृद्धाश्रमात फ्लू आला की भेटी बंद करणं बरोबर आहे का?

आईची_लेक: आई दोन वर्षं पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात आहे, अल्झायमर. गेल्या आठवड्यात तिच्या मजल्यावर तिघांना फ्लू निघाला आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, पंधरा दिवस भेटी बंद. मला अजिबात पटलेलं नाहीये. रोज संध्याकाळी मी जाऊन भरवते, दुसऱ्या कुणाच्या हातून ती चार घासांच्या वर खात नाही. ब्युरोच्या मावशी मात्र शेअर रिक्षाने खोकत येतात, कारण खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. मग फ्लू आणतंय कोण? आजारी मावशीला पगारी रजा द्या, सगळ्या स्टाफला पावसाळ्याआधी लस द्या, खर्च आमच्या महिन्याच्या बिलात लावा, मी देईन.

सिस्टर_नाशिक: ताई, मी अशाच ठिकाणी नर्स आहे. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच माणूस फ्लू पसरवू शकतो, त्यामुळे "मला काही झालेलं नाही" म्हणत येणारा नातेवाईकसुद्धा घेऊन येतो, घरात शाळेची पोरं असली की जास्तच. आणि आजीआजोबांना ताप येतोच असं नाही हो, नुसते गळून जातात, जेवण सोडतात, बरळायला लागतात, आम्हाला कळेपर्यंत शेजारचा बेडही आजारी. दार बंद करावंच लागतं.

विनय_ठाणे: सिस्टरशी सहमत. माझे बाबा अशाच साथीत न्यूमोनियाने गेले. तेव्हा भेटी चालूच होत्या.

जोशीबुवा: स्टाफच्या लशीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या २० हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता, स्टाफला लस देऊ केली तिथे पेशंटांचे मृत्यू १३.६ टक्के, नाही दिली तिथे २२.४.

प्रश्नार्थक: अर्धंच सांगताय. त्याच अभ्यासात दोन्हीकडे फ्लू सापडायचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, मग मृत्यू लशीमुळेच कमी झाले हे कसं म्हणायचं? एवढ्यावर गरीब बाईला सक्ती करू नका. पगारी रजा मात्र आजपासून द्या, त्याला कुठलाही अभ्यास लागत नाही.

आईची_लेक: सक्ती नकोच, फुकट द्या आणि समजावून सांगा. विनयदादा, बाबांचं वाचून वाईट वाटलं, तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण काल फोन केला तर म्हणाले दोन चमचे वरणभात खाल्ला. सिस्टर, एका पेशंटमागे एकच ठरलेला माणूस, लस घेतलेला, मास्क लावून, फक्त भरवण्यापुरता, एवढं नाही का चालणार?

सिस्टर_नाशिक: कॉमन हॉलमध्ये नाही, पण खोलीत चालावं, न भरवता आजी खंगल्या तरी धोकाच आहे. आणि ताई, तिघांना निघालाय तर मजल्यावरच्या बाकीच्यांना ऑसेल्टामिविर, म्हणजे फ्लूवरचं औषध, सुरू करायचं का, हे डॉक्टरांना आजच विचारा. मावशींच्या खाड्याचं आमच्या मॅडमशी मी बोलते.